वजन कमी करायची सर्जरी झाली, तरी काटा मध्येच का अडतो? सोलापुरी ताटावरून समजून घ्या

समजा, जुळे सोलापुरात राहणाऱ्या चाळिशीतल्या एक बाई आहेत. वजन 118 किलो, सोबत शुगर आणि गुडघेदुखी. चालणं झालं, डाएट झालं, कुणीतरी सांगितलेला काढाही पिऊन झाला. शेवटी घरच्यांना तयार करून त्या पुण्याला गेल्या आणि बॅरिएट्रिक सर्जरी करून आल्या.

पहिल्या दोन आठवड्यांत 7 किलो गेले. घरात आनंदीआनंद. मग तिसरा आठवडा उजाडला. सोमवारी काटा 111, गुरुवारी 111, पुढच्या सोमवारी 111.3. म्हणजे थांबलं ते थांबलं, वर थोडं वाढलंही.

शेजारच्या वहिनी विचारतात, "काय हो, एवढे पैसे घातले आणि लगेच थांबलं पण?" बाई काही बोलत नाहीत. पण त्या रात्रीपासून जेवण बंद करतात. आधीच वाटीभर जेवण, त्यातलं निम्मं गायब.

या बाई काल्पनिक आहेत, पण वजनाचं हे थांबणं खरं आहे. सर्जरी झालेल्या जवळपास प्रत्येकाला ते कधी ना कधी गाठतंच. याला डॉक्टरांच्या भाषेत वेट लॉस प्लॅटो म्हणतात, आपण थांबा म्हणू. थांबा येतो म्हणून फारसं बिघडत नाही. बिघडतं ते थांबा आल्यावर घाबरून माणूस जे करतो त्याने. ते नेमकं काय, हे कळायला आधी पोटात काय बदललंय ते बघू.

सर्जरीत नेमकं होतं काय?

आपल्या जठरात साधारण एक ते दीड लिटर अन्न-पाणी मावतं. भारतात जास्त होणाऱ्या सर्जरीपैकी एक म्हणजे स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. यात जठराचा 75 ते 80 टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. दुसरी बायपास. यात जठराच्या वरच्या भागाची जेमतेम 30 मिलिलिटरची पिशवी बनवतात आणि ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

अनेकांचा समज असा की पोट लहान झालं, म्हणून माणूस कमी खातो आणि बारीक होतो. हे अर्धंच खरं आहे. जठराचा जो भाग स्लीव्हमध्ये काढून टाकतात, तिथेच घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन मोठ्या प्रमाणात तयार होतं. तो भाग गेला की भुकेचा आवाजच कमी होतो. बायपासनंतर आतड्यातून येणारी 'पोट भरलं' असं सांगणारी हार्मोन्स वाढतात. म्हणून तर कित्येकांची शुगर वजन फारसं उतरायच्या आधीच खाली येते. (इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या सुरू असतील तर डोस डॉक्टरांकडून लगेच बदलून घ्यावा लागतो तो याचमुळे. जुनाच डोस चालू ठेवला तर शुगर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते.)

त्यामुळे ही सर्जरी म्हणजे चरबी काढून टाकणं नाही. लायपोसक्शन वेगळं, हे वेगळं. इथे शरीराची भूक आणि साठवणुकीची यंत्रणा बदलली जाते. आणि यंत्रणा म्हटली की ती प्रत्युत्तरही देते.

महाराष्ट्रात या सर्जरीचं सगळ्यात ओळखीचं नाव म्हणजे नितीन गडकरी. 2011 साली, भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष असताना, त्यांनी मुंबईत ही सर्जरी करून घेतली. ती त्यांनी लपवली नाही. 2022 मध्ये उज्जैनच्या एका जाहीर कार्यक्रमात त्यांनी स्वतःच आकडे सांगितले: वजन 135 किलो होतं, आता 93 आहे. म्हणजे सर्जरीनंतर 10 वर्षांनीही मूळ वजनाच्या सुमारे 31 टक्के कमी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिला थांबा: तिसरा आठवडा

पहिल्या दोन आठवड्यांत उतरलेले ते 7 किलो म्हणजे सगळी चरबी असते का? नाही. त्यात पाणी बरंच असतं.

आपलं शरीर तातडीची साखर ग्लायकोजेनच्या रूपात यकृतात आणि स्नायूंत साठवतं. हा साठा साधारण 400 ते 500 ग्रॅमचा. पण एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्यासोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी धरून बसतं. सर्जरीनंतर खाणं एकदम तुटतं, तेव्हा शरीर आधी हा साठा फोडतं, आणि साठ्यासोबत पाणीही निघून जातं. म्हणजे दीड-दोन किलो तर इथेच गेले, चरबीला हात न लावता.

तिसऱ्या आठवड्यात पातळ आहारावरून माणूस दाट आहारावर येतो. साठा थोडा भरतो, पाणी परत येतं. त्याच वेळी चरबी जळतच असते. पण वजनकाट्याला चरबी आणि पाण्यातला फरक कळत नाही. एक किलो चरबी गेली, एक किलो पाणी आलं, काटा म्हणतो 111.

महिलांमध्ये पाळीच्या आधी शरीर पाणी धरून ठेवतं, त्याचाही एखादा किलो. आदल्या दिवशी लोणचं, पापड, खारट काही खाल्लं असेल तर तेही काट्यावर दिसतं. बद्धकोष्ठता असेल, आणि सर्जरीनंतर ती असतेच, तर तेही.

म्हणून या काळात काट्यापेक्षा शिवणकामाच्या टेपवर जास्त विश्वास ठेवावा. कंबर, मांडी, दंड. वजन हलत नाही पण ब्लाऊज सैल होतोय, तर तो थांबा नाहीच. काट्यावर उभं राहायचं ते आठवड्यातून एकदा, सकाळी, पोट रिकामं असताना, त्याच काट्यावर. दिवसातून तीनदा उभं राहणाऱ्याला फक्त टेन्शन मिळतं.

तीन-चार आठवडे वजनही हललं नाही आणि मापंही हलली नाहीत, तरच त्याला खरा थांबा म्हणायचं.

दुसरा थांबा: शरीर काटकसरीला लागतं

तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान येणारा थांबा वेगळा असतो. त्यामागे पाणी नाही, हिशोब आहे.

118 किलोचं शरीर चालवायला जेवढं इंधन लागतं, तेवढं 90 किलोच्या शरीराला लागत नाही. एसटी रिकामी असली की डिझेल कमी पितेच. त्यामुळे ज्या जेवणावर सुरुवातीला वजन झपाझप उतरत होतं, तेच जेवण आता जेमतेम पुरेसं ठरतं.

पण शरीर याहून एक पाऊल पुढे जातं. वजनाच्या मानाने जितका खर्च कमी व्हायला हवा, त्याहूनही तो जास्त कमी करतं. अमेरिकेत 'द बिगेस्ट लूजर' नावाचा वजन घटवण्याचा टीव्ही शो होता. त्यातल्या 14 स्पर्धकांचा शास्त्रज्ञ केविन हॉल यांच्या टीमने सहा वर्षांनी अभ्यास केला. तो 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. या लोकांनी सर्जरी नाही, तर जबरदस्त व्यायाम आणि कडक डाएट करून सरासरी 58 किलो उतरवले होते. सहा वर्षांत त्यातले सरासरी 41 किलो परत आले. आणि तरीही त्यांचं शरीर विश्रांतीच्या वेळी अपेक्षेपेक्षा रोज सुमारे 500 कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे दुष्काळ संपला तरी शरीर रेशनिंग सोडायला तयार नव्हतं.

दुष्काळाची उपमा सोलापूरकरांना वेगळी समजावून सांगायला नको. माणसाच्या शरीराने हजारो पिढ्या दुष्काळच बघितलेत. वजन उतरतंय याचा अर्थ 'उपासमार सुरू झाली' एवढाच त्याला कळतो. बीएमआय, शुगर, गुडघे हे त्याच्या गावीही नसतं.

सर्जरीचा फायदा इथे दिसतो. भुकेची हार्मोन्स बदललेली असल्यामुळे शरीराचा विरोध डाएटवाल्यांपेक्षा बराच सौम्य असतो. पण तो शून्य नसतो. म्हणून उतार सरळ रेषेत येत नाही, जिन्यासारखा येतो. चार पायऱ्या उतरल्या की एक चौक.

मग जेवण अजून कमी केलं तर?

आपल्या जुळे सोलापूरच्या बाईंनी नेमकं हेच केलं होतं, आणि बहुतेक लोक हेच करतात. यातूनच पुढचे त्रास सुरू होतात.

जेवण कमी केल्यावर सगळ्यात आधी प्रथिनं कमी पडतात. सर्जरीनंतर रोज किमान 60 ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, अनेक आहारतज्ज्ञ 60 ते 80 ग्रॅमचं लक्ष्य देतात. ती मिळाली नाहीत की शरीर स्नायू मोडून खातं. स्नायू हा विश्रांतीतही इंधन जाळणारा भाग. तो कमी झाला की खर्च अजून घटतो, आणि थांबा अजून लांबतो. म्हणजे थांबा मोडायला म्हणून जे केलं, त्यानेच तो पक्का झाला.

तीन ते सहा महिन्यांत केस गळायला लागतात तेही याच काळात. वजन झपाट्याने उतरलं की काही केस गळतातच आणि बहुतेक वेळा ते परत येतात. पण प्रथिनं, लोह, झिंक कमी असेल तर गळती वाढते. त्या वेळी नवीन तेल आणण्याऐवजी रक्त तपासलेलं बरं.

आणि एक गोष्ट जी फारशी बोलली जात नाही. जेवण तोडलं, वर उलट्या सुरू झाल्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्याही बंद केल्या, तर शरीरातलं बी1, म्हणजे थायमिन, काही आठवड्यांत संपू शकतं. त्याचा साठा मुळातच छोटा असतो. मग चालताना तोल जातो, एकाचे दोन दिसायला लागतात, बोलण्यात गोंधळ होतो. हा मेंदूचा आजार आहे, अशक्तपणा नाही. उपचाराला उशीर झाला तर नुकसान कायमचं राहू शकतं.

आपल्याकडे उलट्या झाल्या की गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन "सलाईन लावा" म्हणायची पद्धत आहे. थायमिन कमी असताना आधी नुसतं ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर हा आजार उफाळू शकतो. म्हणून सर्जरी झालेल्या माणसाने, किंवा त्याला घेऊन गेलेल्या घरच्यांनी, कुठल्याही डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांगावं: "यांची वजनाची सर्जरी झालीय, उलट्या इतक्या दिवसांपासून आहेत, बी1 आधी द्यायचं का?" डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये असावा.

आता ताटाकडे येऊ

सर्जरीनंतरचा आहार टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिले एक-दोन दिवस फक्त स्वच्छ पातळ पदार्थ, मग साधारण दोन आठवड्यांपर्यंत पातळ पण पोषक, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेलं, पाचव्या-सहाव्यात मऊ, आणि सहा ते आठ आठवड्यांनंतर रोजचं जेवण. प्रत्येक डॉक्टरांचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि तुमच्यासाठी तुमच्या डॉक्टरांचाच तक्ता खरा.

अडचण अशी की हॉस्पिटलमधून मिळणाऱ्या कागदावर अनेकदा ब्रोकोली सूप, ओट्स, ग्रीक योगर्ट लिहिलेलं असतं. सोलापूरच्या घरात हे आठवडाभर चालतं, मग कंटाळा येतो आणि माणूस सरळ चहा-बिस्किटावर येतो. खरं तर आपल्या स्वयंपाकघरात या टप्प्यांसाठी जिन्नस आधीच आहेत.

पातळ टप्प्यात मुगाचं कढण, गाळलेलं वरणाचं पाणी, पातळ ताक, साय काढलेलं दूध. हुलग्याचं माडगं ही तर आपल्या भागाची खासियत. हुलग्यात डाळींइतकीच प्रथिनं असतात. फक्त आपल्याकडे माडग्यात गूळ घालतात, तो इथे घालायचा नाही. मिठा-जिऱ्याचं, पातळ, गाळून. तिखट तर सुरुवातीला पूर्ण बाजूला. पुढच्या टप्प्यात घोटलेलं वरण, मऊ पिठलं, कुस्करलेलं पनीर, उकडलेलं अंडं मॅश करून. मांसाहार चालत असेल तर शिजून मऊ झालेला मासा चिकन-मटणाच्या आधी येतो, कारण तो पचायला आणि चावायला हलका.

मग येते भाकरी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय मानांकन मिळालं, सोलापूरची कडक भाकरी तर पार्सलने परदेशात जाते. भाकरी वाईट मुळीच नाही. मैद्याच्या पावापेक्षा किती तरी चांगली. पण आता पोटात जागा आहे वाटीभर, आणि आपलं ताट सुरू होतं भाकरीपासून.

हिशोब बघा. साधारण 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे सुमारे 200 कॅलरी आणि 6 ग्रॅम प्रथिनं. सोबत शेंगाचटणी दोन मोठे चमचे, म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी आणि 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. साडेतीनशे कॅलरी झाल्या, प्रथिनं फक्त 13 ग्रॅम, आणि पोट गच्च. दोन उकडलेल्या अंड्यांत जवळपास तेवढीच, 12 ग्रॅम प्रथिनं मिळतात, कॅलरी मात्र दीडशेच.

शेंगाचटणीचा अपमान करायचा हेतू नाही. पण सोलापूरकर तिला 'चटणी' म्हणत भाजीसारखी खातो, वर दही आणि तेलही घेतो, हे मान्य करावं लागेल. शेंगदाण्यात निम्मं वजन तेलाचंच असतं. चमचाभर ठीक.

उपाय ताट बदलण्यात नाही, ताटातला क्रम बदलण्यात आहे. आधी प्रथिनं: अंडं, पनीर, मासा, चिकन, घट्ट वरण, मटकीची उसळ, सोयाबीन. मग भाजी. भाकरी सगळ्यात शेवटी, आणि जागा उरली तर. मऊ आहाराची परवानगी मिळाल्यावर कडक भाकरी आमटीत कुस्करून खायची आपली जुनी पद्धत इथे कामाला येते. फक्त आमटी घट्ट हवी आणि भाकरी पाव. शाकाहारी माणसाला नुसत्या वरणावर 60 ग्रॅम गाठणं अवघड जातं. वाटीभर शिजलेल्या वरणात 6-7 ग्रॅमच मिळतात. म्हणून सुरुवातीचे महिने प्रोटीन पावडर लागते. ती जिमवाल्या मुलांचीच गोष्ट आहे असं समजून टाळू नये.

चावणं हा वेगळा धडा. घास 20-25 वेळा चावायचा, जेवण वीस मिनिटं तरी चालायला हवं. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. पाण्याने अन्न लवकर पुढे सरकतं, पोट लवकर रिकामं होतं आणि पुन्हा खावंसं वाटतं. पण एरवी दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी घोट घोट करून गेलंच पाहिजे. सर्जरीनंतर पुन्हा ॲडमिट व्हावं लागण्याच्या नेहमीच्या कारणांत शरीरातलं पाणी कमी होणं हे एक मोठं कारण आहे. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. (नळाला किती दिवसांआड पाणी येतं हा विषय वेगळा, पण पिण्याची बाटली सतत हाताशी हवी.)

गोड लपून येतं

सहा महिन्यांनंतरच्या थांब्यामागे बऱ्याचदा जेवण नसतंच. जेवणांच्या मधलं खाणं असतं.

सर्जरीनंतर चिकन दोन घासांत पोट भरतं, पण बिस्किट, खारी, चिवडा, आइस्क्रीम कितीही खाल्लं तरी अडत नाही. तोंडात विरघळतं आणि लहान पोटातून घसरून पुढे जातं. दिवसात चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे दीडशेच्या आसपास कॅलरी नुसत्या चहातून. त्यात बुडवलेली बिस्किटं वेगळी. माणूस शपथेवर सांगतो की मी काहीच खात नाही, आणि त्याच्या मते ते खरंच असतं, कारण चहाला आपण खाणं धरतच नाही. शिवाय चहा लोह शोषू देत नाही, म्हणून लोहाची गोळी चहासोबत कधीच नको.

बायपास झालेल्यांना गोडाचा दुसराही त्रास होतो. साखर किंवा गूळ एकदम लहान आतड्यात उतरला की 10 ते 30 मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ, जुलाब, चक्कर. याला डंपिंग म्हणतात. कधी कधी एक ते तीन तासांनी उलट शुगर घसरते. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत फिरताना, संक्रांतीला तिळगूळ आणि शेंगाची पोळी समोर आल्यावर हे आठवलेलं बरं. "एकाने काय होतं" म्हणणारे पाहुणे घरी जातात, चक्कर आपल्याला येते.

उपवासाचंही तसंच. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे, तिथे एकादशी करू नका असं सांगणं सोपं नाही. पण सर्जरीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत निर्जळी उपवास टाळावाच. आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास सगळा स्टार्च, वर बटाटा, तूप. उपवास मोडायचाच नसेल तर दूध, दही, ताक, पनीर, थोडा राजगिरा यावर दिवस निघतो. रमजानचे रोजे ठेवणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं. कोरड्या उपवासात पाणी आणि गोळ्या दोन्हीचं वेळापत्रक मोडतं.

गोळ्या किती दिवस?

आयुष्यभर. याला पळवाट नाही.

बी12, लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, आणि एक मल्टिव्हिटॅमिन. जठराचा भाग गेल्यामुळे बी12 आणि लोह शोषणं कायमचं कमी झालेलं असतं. वजन थांबलं म्हणून किंवा वजन छान उतरलं म्हणून, दोन्ही कारणांनी लोक गोळ्या सोडतात. लोह आणि कॅल्शियममध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवायचं, एकत्र घेतल्या तर एकमेकांना अडवतात. पाळी येणाऱ्या महिलांना लोह जास्त लागतं. आणि मूल हवं असेल तर सर्जरीनंतर साधारण 12 ते 18 महिने थांबायला सांगतात, कारण वजन वेगाने उतरत असताना बाळाला पोषण कमी पडू शकतं.

सर्जरी पुण्या-मुंबईत झालेल्या सोलापूरकराची अडचण अंतराची असते. पुणे सुमारे 250 किलोमीटर. पहिल्या दोन फॉलो-अपना घरचे सोबत येतात, मग सुट्टी मिळत नाही, मग लाज वाटते की वजन थांबलंय, डॉक्टर काय म्हणतील. आणि थांबा आल्यावरच डॉक्टरांची खरी गरज असते. रक्ताच्या तपासण्या सोलापुरात करून रिपोर्ट पाठवता येतात, आहारतज्ज्ञांशी व्हिडीओ कॉलवर बोलता येतं. सात दिवस खाल्लेलं-प्यालेलं सगळं, चहासकट, मोबाईलमध्ये फोटो काढून पाठवलं तर दहा प्रश्नांची उत्तरं त्यातच मिळतात. थायरॉईड, पीसीओएस, स्टेरॉइड, काही मानसोपचाराची औषधं, इन्शुलिन, झोपेत श्वास अडकणं, यातलं काही वजन अडवतंय का, तेही तिथेच कळतं.

व्यायामातही एक बदल लागतो. होम मैदानावर रोज चालणं उत्तम, पण नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनंतर, आठवड्यातून दोन-तीन वेळा ताकदीचा व्यायाम हवा. खुर्चीवरून उठबस, भिंतीला टेकून पुशअप, पाण्याच्या बाटल्या उचलणं, इथूनही सुरुवात होते.

शेवटचा थांबा

12 ते 18 महिन्यांदरम्यान, काहींचं दोन वर्षांपर्यंत, वजन एका जागी येऊन बसतं. हा थांबा मोडायचा नसतो. हे मुक्कामाचं ठिकाण असतं.

स्वीडनमध्ये हजारो लोकांवर वर्षानुवर्षं एक मोठा अभ्यास झाला. त्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात की बायपास झालेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्क्यांनी उतरलं होतं आणि 10 वर्षांनी ती घट 25 टक्के उरली होती. म्हणजे थोडं वजन परत येणं हे सरासरी माणसाच्या बाबतीत होतंच. गडकरींचा 31 टक्क्यांचा आकडा या सरासरीहून वर आहे.

आता 118 किलोच्या बाईंचा हिशोब. 25 ते 30 टक्के घट म्हणजे त्या 83 ते 88 किलोच्या आसपास थांबतील. 60 किलोच्या होणार नाहीत. हे ऑपरेशनच्या आधी कुणी स्पष्ट सांगितलं नसेल, तर 85 किलोवर त्यांना वाटणार की सर्जरी फेल गेली. प्रत्यक्षात शुगरच्या गोळ्या कमी झालेल्या असतील, जिना चढता येत असेल, झोप नीट लागत असेल. तरी लग्नात कुणीतरी म्हणणारच, "सर्जरी केली ना? मग अजून जाडच दिसतेस." वजनाची सर्जरी म्हणजे शॉर्टकट, आळशी लोकांचा मार्ग, असं मानणारेही भरपूर आहेत. महिनाभर पातळ पिऊन, आयुष्यभर गोळ्या घेऊन, प्रत्येक घास मोजून जगण्याला शॉर्टकट म्हणायचं असेल तर म्हणावं.

मुक्कामावरून वजन पुन्हा वेगाने वर जायला लागलं तर मात्र वाट बघायची नाही. कमी झालेल्या वजनापैकी बराच भाग परत आला, शुगर पुन्हा वाढली, छातीत जळजळ वाढली, तर एन्डोस्कोपी किंवा इतर तपासणी करून जठराची नळी किंवा पिशवी सैलावली आहे का हे बघतात. गरज पडल्यास दुसरी सर्जरी होते, पण तिची जोखीम पहिलीपेक्षा जास्त असते, म्हणून ती पहिला पर्याय नसते.

2025 मध्ये मार्चला माउंजारो आणि जूनमध्ये वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनं भारतात आली. सर्जरीनंतर परत वाढलेल्या वजनासाठी काही डॉक्टर ही औषधं वापरतात. पण ती भूक आणखी मारतात. आधीच कमी जेवणाऱ्या माणसाने ती मित्राच्या सांगण्यावरून किंवा रील बघून घेतली, तर प्रथिनं आणि पाणी दोन्ही आणखी घटतात, उलट्या झाल्या तर थायमिनचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. ही इंजेक्शनं सर्जरी केलेल्या टीमला विचारूनच सुरू करावीत, आणि तिसऱ्या आठवड्यातल्या थांब्यासाठी तर मुळीच नाही.